हुणसेकेरेच्या हट्टीतले पाणी

अण्णा, तुमच्या नावामागे 'कैलासवासी' हा शब्द प्रथम माझ्याच लेखणीने लिहिला. शोकसभेच्या निमंत्रणाचा मजकूर तालुक्याच्या मंडळींनी मजकडे मागितला, आणि मी हाताच्या सवयीने 'आपले आमदार श्री. हैबतराव' असे लिहून पुढच्या ओळीवर गेलो. मग थांबलो. खाडाखोड केलेला कागद मी कुणाच्या हाती देत नाही हे तुम्हांस ठाऊक आहे, म्हणून नवा कागद घेतला. नव्या कागदावर 'श्री.' नव्हते.

तुमचा जन्म, तुमचा तुरुंगवास, तीन वेळा निवडून येणे, हे सर्व वर्तमानपत्रांत येऊन गेले आहे. ते मी पुन्हा मांडणार नाही. हा मजकूर आपल्या मराठी मंडळाच्या मासिकासाठी आहे. बेंगळूरच्या आपल्या चार घरांतून तो वाचला जाईल आणि बाजूला ठेवला जाईल. तरीही तो मी सही करण्याच्या तयारीने लिहितो आहे, कारण आपला एक वाद अर्ध्यावर राहिला आहे. तुम्ही उठून गेलात, आता माझेच बोलणे उरले आहे.

पहिल्या निवडणुकीनंतर तुम्ही माझ्या अर्ज लिहिण्याच्या बाकासमोर येऊन उभे राहिलात, तो दिवस मला स्पष्ट आठवतो. विधानसौध तेव्हा बांधून व्हायचा होता. दगड फोडण्याचा आवाज कचेरीच्या आवारात माझ्यापर्यंत येत असे. आनेकलच्या मोटारीतून उतरल्यामुळे तुमची नवी खादी तांबड्या धुळीने भरली होती. मी कुणाला तरी मराठीत ओरडलो, तेवढ्यावरून तुम्ही वळलात.

"घरी मराठी बोलता काय हो तुम्ही?"

"मग दुसरं काय बोलणार? शहाजीराजांबरोबर आलेली माणसं आम्ही," मी ताठ होऊन सांगितले.

"आम्हीपण तेव्हाचेच. तुम्ही लेखणी धरलीत, आम्ही रागी पेरली, एवढाच फरक." तुम्ही न विचारता माझ्या बाकावर बसलात. "हे बघा मुनशी, सभेत सगळे इंग्लिशात बोलतात आणि मी मान हलवतो. एक प्रश्न लिहून पाहिजे. कन्नडात लिहा, पण इंग्लिशासारखा भारी दिसला पाहिजे."

त्या दिवसापासून मी मुनशी झालो. त्याआधी मी नुसता अर्ज लिहिणारा होतो. लोअर सेकंडरीच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही, हे मी कधी लपवलेले नाही. परंतु कोणता अर्ज कोणत्या मेजावर अडतो, हे त्या कचेरीत माझ्याइतके कुणाला कळत नव्हते. तुमचा मतदारसंघ मी तुमच्याही आधी ओळखत होतो. कोणत्या खेड्यात तलावाचा बांध फुटला आहे, कुठे शाळेला छप्पर नाही, कुठल्या रेशीमवाल्याची तुतीची शेते कुणी बळकावली, हे सारे माझ्यासमोर उकिडवे बसून लोक सांगत असत. तुम्ही ती खेडी पायांनी तुडवलीत. मी ती बाकावर बसून ऐकली. दोघांचे मिळून एक ज्ञान झाले, आणि मला अभिमान वाटतो की त्यात माझा वाटा लहान नव्हता.

तुम्ही मला प्रेक्षकांच्या सज्जातला पास आणून दिला होता. खाली तुम्ही उभे राहिलात, आणि माझे वाक्य, माझ्या बाकावर जुळवलेले वाक्य, त्या उंच छताखाली तुमच्या आवाजात घुमले. मंत्रिमहोदय उठून म्हणाले, माहिती गोळा करण्यात येत आहे. बाहेर आल्यावर तुम्ही मला विचारलेत, "कसा वाटला?" मी म्हणालो, "प्रश्न उत्तम होता." तुम्ही म्हणालात, "उत्तरपण उत्तमच होतं की. दर वेळी तेच असतं, म्हणून पाठ झालंय." आपण दोघे पायऱ्यांवर बसून इतके हसलो, की दारावरचा शिपाई 'सरी सरी, आता उठा' म्हणत आला.

आणि माझी बायको रुग्णालयात असताना तुम्ही व्हरांड्यात बसून राहिलात. डॉक्टरांना तुम्ही आमदार आहात हे सांगितलेदेखील नाही. ती गेल्यावर तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि एक शब्द बोलला नाहीत. त्या न बोलण्याबद्दल आभार मानायचे राहून गेले. आज मानतो.

आता हुणसेकेरे.

वाचणाऱ्यांना कळावे म्हणून सांगतो. हुणसेकेरे हे मतदारसंघाच्या टोकाचे गाव. गावाबाहेर, चिंचेच्या झाडापलीकडे हरिजनांची वस्ती आहे. आमच्याकडे तिला हट्टी म्हणतात. हट्टीला विहीर नाही. तिथल्या बायकांनी गावच्या विहिरीपाशी घागरी ठेवायच्या आणि दूर जाऊन उभे राहायचे. गावातल्या कुणाला सवड झाली, मनात आले, की तो पोहरा काढून वरून ओतणार. पोहऱ्याला घागरीचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. कधी लगेच ओततात, कधी दुपार होते. गावचा कारभार पटेल नंजेगौडा यांच्या हाती. विहीरही त्यांची, आणि गावाची मतेही त्यांचीच.

दुसऱ्या निवडणुकीच्या वेळी तुम्ही त्या हट्टीत गेलात, मी बरोबर होतो. मारम्माच्या लहानशा देवळापुढे लोक जमले होते. त्या भागात शपथ घ्यायची तर जळत्या कापरावर हात मारून तो विझवतात. मग ती शपथ मोडत नाही. कुणी सुचवले नसताना तुम्ही कापूर मागितलात. तळहाताने ज्योत विझवलीत आणि मोठ्याने म्हणालात, "या हट्टीला स्वतःची विहीर होईपर्यंत या हट्टीत मी पाण्याचा थेंब घेणार नाही."

बायका रडल्या. मीही गहिवरलो. परतताना मी तुम्हांला म्हणालो, की एवढे जोरकस वाक्य मलाही सुचले नसते. तुम्ही तळहात फुंकत होता. "पोळलं रे," एवढेच म्हणालात.

तुम्ही शब्द पाळलात. वर्षानुवर्षे पाळलात. हट्टीत गेलात की लोक झाडावर चढून शहाळे काढत आणि तुमच्यासमोर फोडत; ते तुम्ही घेत होता, कारण ते पाणी नव्हे. हे मी बघत होतो आणि बरेच दिवस मला त्यात काही खटकले नाही. पण गावातले वरच्या जातीचे गौडा हट्टीत कामाला माणसे बोलवायला येत, तेही शहाळेच घेत. न फोडलेल्या शहाळ्यातल्या पाण्याला कुणाचा हात लागलेला नसतो, म्हणून त्याचा विटाळ होत नाही. हे ज्या दिवशी माझ्या ध्यानात आले, त्या दिवसापासून तुमच्याबरोबर हट्टीत गेलो की मी तुमच्या तोंडाकडे बघायचे टाळत असे.

मधल्या काळात विहीर मंजूर झाली. अर्ज माझा, प्रश्न तुमचा, मंजुरी सरकारची. जागा ठरवायला पाणाड्या आणला, आणि त्याला आणले पटेलांनी. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून हट्टीभर फिरला. नारळ कुठे उभा राहिला नाही. मग चिंच ओलांडून तो पटेलांच्या शेताच्या बांधाशी आला आणि नारळ तिथे ताडकन उभा राहिला. विहीर तिथे खणली गेली. पाणी लागले, गोड लागले. उद्घाटनाला तुम्हांला हार घातला. हट्टीतल्या बायका नव्या विहिरीपासून तेवढ्याच अंतरावर उभ्या राहिल्या, जेवढ्या जुन्या विहिरीपासून राहत. भाषणात तुम्ही सांगितलेत, की तुमची शपथ अजून पुरी झालेली नाही, ती चालूच राहील. टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्या टाळ्या पटेलांच्या होत्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मुनियम्मा माझ्या बाकापाशी आली. हट्टीतली म्हातारी, मारम्माच्या देवळाची राखण करणारी. तुम्ही कापूर विझवलात तो तिच्याच तबकातला. ती कन्नडात बोलली, मी मराठीत देतो. आमच्या भागात त्या लोकांनी वरच्या जातीच्या माणसाला 'बुद्धी' म्हणून हाक मारण्याची रीत आहे. तिने मलाही तशीच हाक मारली.

"बुद्धी, एक अर्ज लिहायचा."

"विहिरीचा गेला आहे. पुन्हा कशाला?"

"विहिरीचा नाही. साहेबांनी आमच्याकडचं पाणी प्यावं, त्याचा."

मी लेखणी खाली ठेवली. "असा अर्ज नसतो. त्याला खातं कुठलं?"

"ते तुम्ही बघा. तुम्ही शिकलेले."

"अगं, तुमच्यासाठीच व्रत घेतलंय ना त्यांनी? जीव सुकवतात ते तुमच्या दारात येऊन."

म्हातारी हसली. तिच्या तोंडात दात फार नव्हते. "चांगलं व्रत आहे. वरच्या गावानं सगळ्यांनीच घेतलंय ते, आजे-पणजांपासून. एकानंही मोडलेलं नाही अजून."

मी लेखणी पुन्हा उचलली. अर्ज लिहिला. 'अर्जदार विनंती करते, की सन्माननीय प्रतिनिधींनी हट्टीच्या पुढील भेटीत अर्जदाराच्या घरचे गूळपाणी स्वीकारावे.' माझ्या रीतीप्रमाणे मी तो तिला वाचून दाखवला आणि मग अंगठा घेतला. 'सन्माननीय' शब्दाला ती म्हणाली, "हे राहू दे, बरं वाटेल त्यांना."

तो अर्ज मी स्वतः आमदार निवासातल्या तुमच्या खोलीत घेऊन आलो. तुम्ही नुसत्या बनियनवर दाढी करत होता. वाचून आधी हसलात. "हा कुठं पाठवू? आरोग्य खात्यात?" मग पुन्हा वाचलात आणि साबण गालावर तसाच वाळू दिलात.

"मुनशी, हा अर्ज आहे की चपराक?"

"अर्ज आहे. खाली अंगठा आहे."

"स्वल्प बैस. नीट ऐक. मी त्या म्हातारीच्या हातचं पाणी प्यालो, की दुसऱ्या दिवशी पटेल काय करील? मला मत देणार नाही, ते सोड. त्यांच्या घागरीत पाणी ओतणं बंद करील. पाणी माझ्या तोंडात आणि कोरड त्यांच्या. हे लिहिशील तू अर्जात?"

"आणि नाही प्यालात तर?"

"तर विहीर होईल. हळू होईल. पटेलाला सांभाळून होईल."

"विहीर झाली, अण्णा. पटेलांच्या बांधाला झाली."

तुम्ही वस्तरा खाली ठेवलात. तुमचा आवाज चढला नाही, उतरला. "बारा गावं फिरतो मी. त्यांतली दहा पटेलांची आहेत. मी दहा गावांचापण प्रतिनिधी आहे. लोअर सेकंडरीवाल्यानं मला राजकारण शिकवू नये."

मला ते लागले. मी उठलो. म्हणालो, की शिकवत नाही, विचारतो: तुम्हांला तहान लागते की भीती वाटते? तुम्ही आरशाकडे वळलात. "अर्ज ठेवून जा," म्हणालात. मी ठेवून आलो.

त्यानंतर आपण बोललो नाही. सभेतले प्रश्न तुम्ही माणसाबरोबर पाठवत राहिलात, मी लिहून त्याच माणसाबरोबर परत पाठवत राहिलो. अक्षर पूर्वीइतकेच काळजीपूर्वक काढले. निरोप तुम्ही दिला नाही, मी मागितला नाही. माझ्या मनात होते, की येत्या पावसाळी अधिवेशनापर्यंत तुम्हीच बाकावर येऊन बसाल. न विचारताच बसाल.

तुम्ही गेलात ते रेडिओवर कळले. कुठे गेलात, ते दुसऱ्या दिवशी: दुष्काळाच्या पाहणीला निघाला होता, हुणसेकेरेच्या हट्टीत छातीत कळ आली. पटेलांनी वर्तमानपत्रवाल्यांना सांगितलेले छापून आले. 'पाणी समोर असूनही त्यांनी व्रत मोडले नाही. कोरड्या ओठांनी प्राण सोडला.' मी ते वाचले आणि, खरे सांगतो, मला तुमचा रागच आला. मरतानासुद्धा, अण्णा?

मग मुनियम्मा आली. तुमचे दिवस अजून चालू होते. ती बाकासमोर जमिनीवर बसली आणि तिने पदराने तोंड पुसले.

"बुद्धी, मी दिलं नाही. त्यांनीच मागितलं."

तिने जे सांगितले ते मी जसेच्या तसे मांडतो. तुम्ही तलावाच्या भेगा बघून परत येत होता. घाम फुटला, चालवेना, आणि तिच्या घराच्या ओट्यावर तुम्ही टेकलात. पटेल बरोबर होते, तुमचा ड्रायव्हर होता. लोक शहाळ्यासाठी धावले, पण यंदा माडांना फळच धरले नव्हते. पटेलांनी एकाला सायकलवरून गावात पाण्यासाठी पिटाळले. मुनियम्मा दारात तांब्या घेऊन उभी होती. पुढे यायचे की नाही, तिला कळत नव्हते.

"साहेबांनी हात केला. 'नीरु,' म्हणाले. पटेल म्हणाले, साहेब, शपथ आहे, आत्ता येईल गावातून. साहेब म्हणाले, 'नंजेगौडा, बाजूला हो.' तांब्या माझ्या हातून घेतला, बुद्धी. वरून ओतून घेतला नाही. तोंडाला लावला. सगळा प्याले. मग म्हणाले, 'इन्नू स्वल्प.'"

आणखी थोडे. तुम्ही आणखी थोडे मागितलेत.

ती आत गेली, माठातले उरलेले सगळे पाणी घेऊन आली. तेही तुम्ही प्यालात. भिंतीला डोके टेकवलेत. सायकलवाला गावचे पाणी घेऊन आला तेव्हा ते कुणाला द्यायचे हा प्रश्न उरला नव्हता.

"पटेल म्हणतात, मी प्रेताला पाणी दाखवलं. म्हणतात, पुन्हा असं बोललीस तर तुमच्या घागरी रिकाम्या जातील." तिने माझ्याकडे पाहिले. "मी खोटी नाही. एवढं तुम्हांला ठाऊक असू दे."

मी तुमच्या घरी गेलो. तुमच्या पत्नी, अक्का, माजघरात जमिनीवर बसल्या होत्या. मुली आत होत्या. मी जे ऐकले ते सांगितले. सांगताना मला भय वाटत होते, कारण तुमच्या घरचे सोवळे मला माहीत आहे.

"हट्टीतून आले की हे आधी पाणी मागायचे, भाऊजी," अक्का म्हणाल्या. "तांब्यावर तांब्या. मी म्हणायची, कुठं वाळवंटात गेला होता काय? काही बोलायचे नाहीत." मग पदर सारखा करून म्हणाल्या, "जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालणं हे माझं काम होतं. तिनं केलं ते. मी तिला खोटं पाडायचं होय?"

"मग शोकसभेत तुम्ही एवढंच सांगाल?"

"नाही." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिले. "या मुलींना मागणी कोण घालील? तुम्ही मला खरं सांगितलंत, ते मी धरून ठेवीन. बाहेर काढायला नका लावू."

मी त्यांना दोष देत नाही. तुम्हीही देऊ नका.

शोकसभा हट्टीपाशीच, चिंचेखाली घेतली. पोटनिवडणूक आहे ना. पटेलांचा पुतण्या तुमच्या जागी उभा आहे. ठरावाचा मसुदा माझा होता. 'अखेरच्या श्वासापर्यंत व्रत पाळले' हे वाक्य घालण्याचा आग्रह मला झाला होता. ते मी घातले नाही. पटेलांनी ते तोंडी घातले. मग पुतण्या उठला. तरुण आहे, पदवीधर आहे, चष्मा लावतो. त्याने कापूर मागितला. लोकांच्या डोळ्यांदेखत ज्योतीवर हात मारला आणि म्हणाला, हैबतरावांचे अपुरे व्रत मी पुढे चालवतो. हट्टीला विहीर होईपर्यंत या हट्टीत मी पाण्याचा थेंब घेणार नाही.

टाळ्या पडल्या. गावच्या बाजूने पडल्या.

हट्टीच्या बाजूने मुनियम्मा उठली. तिला बोलायला कुणी सांगितले नव्हते. "बुद्धी, आधीचे साहेब प्याले होते," ती पुतण्याला म्हणाली, आणि अगदी समजुतीच्या सुरात, जसे घरातल्या पोराला सांगावे तसे, पुढे म्हणाली, "माझ्याच हातचं. मागून घेऊन प्याले. तुम्ही कशाला उपाशी-तापाशी राहता? आधी पाणी घ्या. विहिरीचं मग बोलू."

कुणी तरी हसले. पटेल म्हणाले, "म्हातारीचं डोकं उन्हानं फिरलंय. बसवा तिला."

तुमचा ड्रायव्हर खाली मान घालून उभा होता. पुतण्या चष्मा पुसत होता. मी व्यासपीठावर कडेच्या खुर्चीवर, ठरावाचा कागद हातात घेऊन बसलो होतो. मी उठलो. मला मोठे भाषण करता येते, हे तुम्ही जाणता. त्या वेळी एकच कन्नड शब्द तोंडातून आला. "निजा." खरे आहे. पुन्हा एकदा म्हणालो, म्हणजे ऐकू आले नाही असे कुणाला म्हणता येऊ नये. पटेल माझ्याकडे पाहून म्हणाले, "मुनशी तिथं नव्हते." ते बरोबर होते. मी तिथे नव्हतो. मी खाली उतरलो आणि मोटारीच्या थांब्यापर्यंत चालत आलो. माझ्यामागून कुणी आले नाही.

दुसऱ्या सकाळपासून हट्टीच्या घागरीत पाणी ओतणे बंद झाले. जुन्या विहिरीवर बंद झाले, नवीवरही. सरकारच्या विहिरीवर. मी अर्ज केला आहे, वरच्या साहेबांकडे, नावानिशी. पोच मिळाली. माहिती गोळा करण्यात येत आहे.

मुनियम्मा आणि बाकीच्या बायका आता ओढ्याच्या कोरड्या पात्रात हाताने वाळू उपसतात. खड्ड्यात पाणी झिरपते ते गाळून घेतात. हट्टीतली दोन लेकरे त्या पाण्याने आजारी आहेत. एक बहुधा वाचेल. मी मुनियम्माला म्हणालो, की तू सभेत बोलली नसतीस तर बरे झाले असते काय, मला सांग. ती वाळू उपसत होती. म्हणाली, "ते तुम्ही साहेबांना विचारा. तेच प्याले."

म्हणून तुम्हांला विचारतो आहे, अण्णा. आमदार निवासात गालावर साबण वाळत असताना तुम्ही जे बोललात, ते अक्षरशः खरे झाले. पटेलांना तुम्ही ओळखून होता, मी नव्हतो. वाद तुमच्या बाजूने सुटला, हे मी येथे लिहून देतो. आणि तरी ओट्यावर बसून, पटेल समोर उभे असताना, पुढे काय होणार हे माझ्यापेक्षा पक्के माहीत असताना, तुम्ही हात पुढे केलात. ती नुसती तहान होती, की माझ्या प्रश्नाचे उत्तर होते, हे आता कळायचे नाही. उत्तर असेल तर ते तुम्ही तेव्हाच द्यायला हवे होते. जिवंत असताना, ती लेकरे धडधाकट असताना, तुमच्या मागे दहा गावे उभी असताना. तुम्ही प्याला असता आणि दुसऱ्या दिवशी त्या विहिरीवर घागर घेऊन स्वतः उभे राहिला असता, तर पटेलांनी काय केले असते ते मला बघायचे होते.

ते आता बघायला मिळणार नाही. हट्टीचे यंदाचे मतदान त्याच चिंचेखाली आहे, आणि बायका पाण्यासाठी ओढ्यात आहेत.